आण्णाचा डावा पाय, माझा उजवा हात

कुंभार पिंपळगाव आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींना अत्यंत महत्त्वाची सूचना! हातातली कामं थांबवा, लेकरं गप्प करा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा दाबून धरा. शिवारात कापूस फुटला आहे. सबब, या हंगामात कुणीही, कोणत्याही कारणासाठी, सूचना देणाराच्या उजव्या हातावर विश्वास ठेवू नये. हुकमावरून.

ही सूचना मी खरोखरच भोंग्यावरून देणार होतो. माझा धंदाच तो. लग्नात नवरदेवाच्या मामाला मांडवात बोलावणारा, आठवडी बाजारात हरवलेल्या शेळीचं वर्णन करणारा, शाळेच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या मागून घेणारा आवाज माझाच. गावात माणूस गेला तरी तो खरा गेला की नाही हे लोक माझ्या भोंग्यावरून ऐकल्याशिवाय मानत नाहीत. एवढ्या जबाबदार माणसाचा एक हात खोटारडा निघावा, ही बातमी गावाला कळायला नको का? पण माइक हातात घेतला आणि समोर खुर्चीवर आण्णा बसलेला दिसला. माझा थोरला भाऊ. मग मी नेहमीसारखी शेळीच शोधली.

आज सकाळी माझं भोंग्यांचं दुकान उघडलं तर रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लागलेले. रात्रीतून गाड्या गेल्या असणार. कापसाच्या गाडीला हौद पुरत नाही. चारी बाजूंनी बल्ल्या बांधून जाळी ताणतात, आत दोन-तीन गडी उतरून पायांनी कापूस तुडवतात, आणि तरी तो वर फुगून येतो. अशी गाडी लांबून येताना ढग चालत यावा तशी येते आणि वाटेतल्या प्रत्येक बाभळीला थोडं थोडं देऊन जाते. बाभळी पांढऱ्या झाल्या की आमच्याकडे थंडी आली. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, हवेत सरकीचा कोमट, तेलकट वास असतो, वेचणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चरे पडलेले असतात. ज्यांची घरं लहान त्यांच्या बैठकीत छतापर्यंत कापूस, आणि पाहुणा आला की त्याला त्याच कापसावर बसवतात. पाहुणा हळूहळू आत जातो. चहा येईपर्यंत फक्त डोकं राहतं.

हा सगळा हंगाम आण्णाचा. आण्णाकडे जुनी ट्रक होती. बॉनेटवर निळी झेंडी, पाठीमागे फाळक्यावर आईचं नाव. पिंपळगाव, घनसावंगी, अंबड, जालना, जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर रांग, आणि परत. दिवाळी ते होळी त्याच्या अंगावरून सरकीचा वास जायचा नाही. गाडीचा क्लच इतका जड होता की मी एकदा दाबायला गेलो तर पेडल जागेवर राहिलं आणि मीच सीटवरून वर उठलो. आण्णा म्हणाला, "ह्याला पाय लागतो बाळ्या. तुझ्याकडं निस्तं तोंड हाये."

तीन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर त्याच्या मणक्यात नस दबली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन बराबर झालं. आण्णा दसऱ्याच्या आधी घरी आला, दुखणं गेलेलं होतं, आणि डावा पायही गेलेला होता. म्हणजे पाय होता. पायासारखाच दिसायचा. फक्त सांगितलेलं ऐकायचा नाही. आण्णा त्याच्याकडे असा बघायचा जसा शेजाऱ्याच्या घरात शिरलेल्या आपल्या बैलाकडे बघतात.

अंबडला एका गाळ्यात फिजिओथेरपीचा दवाखाना होता. श्रद्धा मॅडम वयानं आमच्या पोरींएवढ्या. आम्ही गेलो तेव्हा आण्णानं आधी सगळीकडे मान फिरवली. हिरव्या रेक्झिनची खाट, भिंतीला एक चाक, एक आरसा.

"मशीन कुठंय?" त्यानं विचारलं.

मॅडमनी उजवा तळवा पुढे केला. "ही."

आण्णानं माझ्याकडे पाहिलं. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर जालन्यात मोठमोठी मशीनं असताना तू मला हात बघायला आणलंस, असं त्या बघण्यात होतं.

मॅडमनी त्याला खाटेच्या कडेला बसवलं, गुडघ्यामागं एक हात ठेवला आणि पाय सरळ करायला सांगितला. पाय थरथरत वर आला. मग त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं नडगीवर ठेवली, नुसती ठेवली, आणि पाय खाली पडला. त्या म्हणाल्या, "ताकदीला आम्ही पाचपैकी गुण देतो. तुमचे तीन. स्वतःचं वजन उचलतो, विरोध सोसत नाही."

"पाचातले तीन म्हणजे साठ टक्के!" मी म्हणालो. "मॅडम, हा चौथीत दोनदा बसला. आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास!"

मॅडम हसल्या. आण्णाही हसला. हसताना त्यानं विचारलं, "क्लच दाबायला किती लागतेत?"

"तुमच्या गाडीचा? चारच्या पुढं. पाचच म्हणा."

"संक्रांतीपस्तोर?"

त्यांनी तारीख दिली नाही. नस हळू येते, कधी येते, कधी अर्ध्या वाटेत थांबते, एवढं म्हणाल्या. पण आण्णानं तेवढ्यात संक्रांत धरून टाकली होती. संक्रांतीला तो गाडीवर बसणार. हंगामाचा मागचा अर्धा भाग तरी तो काढणार. तिथून पुढे आमच्या घरात कॅलेंडरचं एकच पान टांगलेलं राहिलं.

व्यायाम म्हणजे काय, तर समोरच्यानं हातानं अडवायचं आणि आण्णानं पायानं ढकलायचं. दहा वेळा, थांबायचं, परत दहा वेळा, असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ. माझ्यासारख्याला ही चेष्टाच वाटली. पण मॅडमनी सोबत आलेल्या वैनीचा हात आपल्या हाताखाली घेऊन शिकवलं तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसून ऐकलं. त्या म्हणाल्या, "वाळूची पिशवी बांधली तर तिचं वजन सगळीकडं सारखंच राहतं. हाताला कळतं. पाय कुठं थकला, कुठं जोर आला, ते हाताला कळलं पाहिजे. जिथं जोर आहे तिथं घट्ट व्हा, जिथं थकला तिथं जरासं सैल. भिंत होऊ नका आणि पडदाही होऊ नका. शेवटी ते जिंकले पाहिजेत, पण घाम निघून."

वैनीचे हात कापूस वेचून वेचून कडक झालेले. ती घरी आली आणि मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसं अडवू लागली. आण्णाला पाठीवर झोपवायचं, गुडघा छातीकडे घ्यायचा, तळव्याला तळहात लावायचा आणि म्हणायचं, ढकला. पहिल्या दिवशी आण्णाचा पाय वीतभर गेला आणि अडकला. वैनीनं जरा सैल केलं, पाय अजून चार बोटं गेला, थांबला. आण्णाचं कपाळ भिजलं. वैनी म्हणाली, "झालं की. चार बोटं जास्त गेला."

आण्णा म्हणाला, "ही बाई क्लच न्हाई, ही हँडब्रेक हाये! माझा पाय मोडून ठिवती. बाळ्याला बोलवा."

आणि इथे, बंधू-भगिनींनो, रंगमंचावर माझा प्रवेश झाला.

मी रिकाम्या हातानं कसा जाणार? मी दुकानातून छोटा माइक आणि डबडा स्पीकर घेऊन गेलो. आण्णाच्या तळव्याला उजवा हात लावला, डाव्या हातात माइक धरला, आणि तोंडानं इंजिन चालू केलं. घर्रर्र. "कापसानं भरलेली, नव्यानं धुतलेली, आईच्या नावाची गाडी पिंपळगावच्या चौकातून सुटत आहे! ड्रायव्हरसाहेब, क्लच दाबा!" आण्णानं दाबला. माझा हात मागे गेला. "पहिला टाका!" आण्णाचा हात हवेत पुढे गेला. "सोडा! हळू! मागं गडी बसलेत!" परत दाब, दुसरा. परत दाब, तिसरा. दहाव्या दाबाला आम्ही घनसावंगीत. दुसऱ्या दहाला अंबड. तिसऱ्या दहाला जालना, जिनिंगचं फाटक, आणि मी वॉचमनच्या आवाजात विचारायचो, "कुठली गाडी?" आण्णा खाटेवरून ओरडायचा, "पिंपळगावची! दुसरी कुठली येती इतकी भरून?"

आठ दिवसांत शेजारपाजारचे बघायला यायला लागले. म्हाताऱ्या बाया चहाच्या कपासह दारात. कुणी म्हणायचं, "आज आम्हाला भोकरदनला न्या." आण्णा म्हणायचा, "त्या रूटचं परमिट न्हाई." तो हसायचा, लाल व्हायचा, आणि प्रत्येक वेळी क्लच तळापर्यंत जायचा. प्रत्येक वेळी.

आता खरं सांगायची वेळ आली आहे, म्हणून मी माइक बाजूला ठेवतो.

माझ्या हाताला कळत होतं. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच कळत होतं. पाय वीतभर यायचा आणि तिथे त्याच्यातला जोर संपायचा, नळाचं पाणी जावं तसा. तिथे मी थांबायला हवं होतं. तळव्याला हात लावून, त्याला तिथे अडकू द्यायला हवं होतं, त्याचा चेहरा वाकडा होऊ द्यायला हवा होता. पण त्या वेळी गाडी घनसावंगीच्या अलीकडे असायची, दारात माणसं असायची, आण्णा हसत असायचा. मी हात मागे घ्यायचो. घर्रर्र. दुसरा टाका.

लहानपणी आण्णा माझ्याशी पंजा लढवायचा. त्यानं मला एकदाही जिंकू दिलं नाही. हरवायचाही नाही लवकर. अर्ध्यावर धरून ठेवायचा. माझे कान तापायचे, डोळ्यांत पाणी यायचं, मी दोन्ही हात लावायचो, तरी तो अर्ध्यावरच, शेंगदाणे खात. आज हे माझे भोंगे मी एकट्यानं झाडावर चढवतो, तो दंड कुठून आला हे मला तेव्हा आठवलं नाही. माणसाला नको तेव्हा सगळं आठवतं.

वैनी कधीकधी चुलीपासून बघायची. एकदा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नाटक लई छान करून राह्यले." मी वाकून नमस्कार केला. मला ती दाद वाटली.

सहा आठवड्यांनी आम्ही अंबडला गेलो. आण्णा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आलता. परीक्षेला निघालेल्या पोरासारखा वाटेत बोलत नव्हता. मॅडमनी नडगीवर बोटं ठेवली. पाय पडला. परत ठेवली. परत पडला.

"तीन," त्या म्हणाल्या.

"परत बघा," आण्णा म्हणाला. "घरी तर तळापस्तोर जातोय. ह्याला विचारा. सगळा गाव साक्षी हाये."

मॅडमनी त्याला चाकाची दोरी ओढायला बसवलं आणि मला बाहेर, गाळ्याच्या पायरीवर बोलावलं. "हात द्या," म्हणाल्या. "मी आण्णा आहे असं समजा. घरी धरता तसं धरा." मी तळहात पुढे केला. त्यांनी मूठ लावली आणि ढकललं. माझा हात आपोआप मागे गेला. वाईट म्हणजे तोंडानंही घर्रर्र सुरू झालं, इतकी सवय. पुन्हा ढकललं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "खाली बघा." मी बघितलं. त्यांनी मूठ केव्हाच काढून घेतली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढ्या दोन बोटांनी त्या मला खांद्यापर्यंत मागे नेत होत्या.

मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं का मॅडम?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कापसाची गाडी चालली होती. "नस आली नसेल तर कुणीही काही करू शकलं नसतं," त्या म्हणाल्या. "थोडी आली असेल तर हे सहा आठवडे मोलाचे होते. कुठलं खरं, ते आता मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची नक्कल करता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माइक न घेता गेलो. आण्णा म्हणाला, "स्पीकर कुठंय?" मी म्हणालो, "दुरुस्तीला." तळव्याला हात लावला आणि मॅडमनी सांगितलं तसा राहिलो, भिंतही नाही, पडदाही नाही. पाय वीतभर आला. अडकला. मी जागचा हललो नाही. आण्णानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाय थरथरायला लागला, मांडीची कातडी उडायला लागली, त्यानं खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरली. दारातल्या बायांनी कप खाली ठेवले.

"आज क्लच जाम झाला का रं?" तो म्हणाला.

अजूनही तो हसत होता. पण डोळे हसत नव्हते. ते मला विचारत होते. आणि मी, ज्याच्या तोंडाला सारं गाव घाबरतं, मी म्हणालो, "तेल न्हाई टाकलं आण्णा. थांब, टाकतो." तळव्यावर खोबरेल चोळलं, हात मागे घेतला, घर्रर्र.

एक सकाळ. माझा खरेपणा एक सकाळ टिकला, तोही दहांपैकी पहिल्याच दाबापर्यंत. त्यानंतरही मी रोज गेलो. आता तर जाणून गेलो. पहिले सहा आठवडे चूक होती असं म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. वैनीनं दोनदा विचारलं, "मी धरू का?" दोन्ही वेळा आण्णा म्हणाला, "तू पोळ्या कर." दोन्ही वेळा मी तळव्यावरचा हात काढला नाही.

आता आण्णा वॉकर घेऊन माझ्या दुकानापर्यंत येतो. डावा पाय मागून ओढत येतो, त्याच्या चपलेची मातीत एक रेघ उमटते. सकाळी घरापासून दुकानापर्यंत एक रेघ, संध्याकाळी परत दुसरी. खुर्चीवर बसून तो गाड्या ऐकतो. डोळे मिटून सांगतो, हा नवा ड्रायव्हर, ह्यानं तिसऱ्यात घ्यायला पाहिजे होता, हा गिअर खाऊन राह्यला. ट्रक आम्ही ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी विकली. ती अजून ह्याच रस्त्यानं जाते. निळी झेंडी काढली आहे, आईचं नाव रंगवून टाकलंय, पण ती आली की आण्णा बोलणं थांबवतो आणि ती मारुतीच्या पारापुढं जाईपर्यंत त्याचा उजवा पाय खाली काहीतरी दाबत असतो. डावा नाही. व्यायाम बंद आहे. मॅडमकडे मी मागच्या वर्षी एकटाच जाऊन आलो. नस जेवढी यायची तेवढी आली, त्या म्हणाल्या. आता राहिलंय ते असंच राहील. चहा पाजला. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि मला वाटलं, त्या तपासताहेत.

मला अजूनही सवय आहे. दुकानात एकटा असलो की तळहात भिंतीला लावतो आणि अडवून धरतो. भिंत कधी ढकलत नाही. तरी दहापर्यंत मोजतो.

या सगळ्याबद्दल आण्णा मला रागानं एक शब्द बोललेला नाही. बोलला तो एकच वाक्य, एकदाच, त्याच हंगामात, संक्रांतीच्या सकाळी. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. चांगला निवेदक मुख्य पाहुण्याला आधी बोलू देत नाही.

त्या सकाळी त्यानं कुणाला न विचारता गाडी धुवून घेतली. "रोज जालन्याला जाऊन येतो," म्हणाला, "आज गाडी घिऊन जातो. निस्तं फाट्यापस्तोर. रिकामी." मी म्हणालो, राहू दे. वैनी म्हणाली, मॅडमला फोन करा. त्याच्या अंगात तीस वर्षांचा ड्रायव्हर संचारला होता. शेजारच्या दोघा गड्यांनी मागून ढकलून त्याला केबिनमध्ये चढवलं, मी पलीकडून शेजारी बसलो. वैनीनं झेंडूची माळ आरशाला बांधली आणि गाडीच्या पुढे उभी राहिली, पदर दातांत धरून. धुकं अजून शिवारात होतं. कडेला तिळाचे लाडू घेऊन आलेल्या बाया, रोजचे प्रेक्षक, सगळे हजर.

आण्णानं चावी फिरवली. गाडी न्यूट्रलला होती, एका झटक्यात चालू झाली. किती महिन्यांनी. अख्खी केबिन थरथरली, सीटखालून सरकीचा वास वर आला, आण्णाचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर वाटलं, असू शकतं. कोण सांगावं. असू शकतं.

त्यानं डावा पाय हातानं उचलून पेडलवर ठेवला. दाबला.

पेडल दोन बोटं खाली गेलं आणि वर आलं.

परत दाबला. दोन बोटं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि वरून सगळं अंग टाकलं. वीतभर गेलं. एक हात काढून त्यानं गिअर ओढायला घेतला, आतून करकर असा आवाज आला, बाहेरच्या बायांनी कानांवर हात ठेवले, पाय घसरला, पेडल वर आलं. इंजिन तसंच चालू. घर्रर्र. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. वैनी समोरून हलली नाही. ती बाजूलाही झाली नाही. गाडी पुढे येणार नाही हे तिला पहिल्यापासून माहीत असावं.

मी उजवा हात मांडीखाली सरकवला.

आण्णानं चावी बंद केली. सगळं एकदम शांत झालं, इतकं की आरशाला बांधलेल्या माळेतून गळणारं पाणी ऐकू आलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या पेडलकडे बघत होता. मग अख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला,

"बाळ्या, काढ हा क्लच, अन् तुझा हात बसव इथं!"